कोरा नमुना

सगळ्यात आधी लागतो कोरा नमुना:
ज्यात ते नाही, अशी दहा मिली लघवी.
‘नाही’ कसं दिसतं हे ठाऊक नसेल
तर ‘आहे’ वाचता येत नाही.

नागपुरात, डिसेंबरात,
मी असा माणूस शोधत होते.

मेंढे सर: संत्री.
स्टोअरच्या नलिनी टेंभुर्णे: संत्री, शिवाय सालीचं लोणचं.
सायकल स्टँडवरचा इस्माईल म्हणाला,
मी तर शिवतही नाही, घसा धरतो.
त्याच्याही आलेखावर टेकडी उठली,
सहाशे मिलिव्होल्टला, बुटकी, पण टेकडीच.
खोदून विचारलं.
मुलीनं अर्ध्या टाकलेल्या फोडी,
वाया कशाला घालवायच्या.

दुसऱ्या मजल्यावर मोठं यंत्र आहे.
त्यावर कापड आहे, कापडावर धूळ,
आणि वापराच्या परवानगीचा अर्ज तीन प्रतींत.
माझं यंत्र संत्राबर्फीच्या डब्यात मावतं.
पेन्सिलीची दोन शिसं, सीताबर्डीवरून, दहा रुपयांची डबी.
चांदीची तार, इतवारीच्या सराफ्यातून, अर्धा ग्रॅम,
धुण्याच्या ब्लीचमध्ये बुडवून काळवंडलेली.
सराफ म्हणाला होता, एवढ्यात काय घडवणार?
शिसाच्या टोकावर थेंब पडतो,
विजेचा दाब हळूहळू चढवायचा,
जो रेणू ज्या पायरीवर इलेक्ट्रॉन सोडतो
त्या पायरीवर रेघ उचलते.
एवढंच. बाकी सगळा आवाज,
पंख्याचा, मोबाइलचा, शेजारच्या फ्रिजचा.

मेडिकलच्या तेवीस नंबरमध्ये दयाराम उईके,
पारशिवनीच्या पुढचे. डोळे हळदीसारखे.
डॉक्टर खानझोडेंनी तीनदा विचारलं.
काही झाडपाला घेता?
नाई जी.
काढा? मुळी? कोणी दिलेलं चूर्ण?
नाई जी. घरचंच खातो.
माणूस खरं बोलत होता, हे नंतर कळलं.

त्यांची बाटली आली बर्फात, दुपारी चारला.
कोरा नमुना अजून मिळाला नव्हता.
शेवटी मी माझाच घेतला.
माझ्यातलं संत्रं मला पाठ होतं,
कधी खाल्लं, किती, कोणाच्या हातचं.
मग त्यांच्या रेघेतून माझी रेघ वजा केली,
माझं संत्रं काढून त्यांचा काढा वाचला.
तो होता.
उतरणीवर, एका कडेला,
कोणी दारामागे उभं राहावं तसा.

दारामागे खरंच उभी होती
फुलवंताबाई, त्यांची बायको. रिपोर्ट मागायला.
कागद उलटा धरून तिनं विचारलं,
‘पोचलं का जी त्याईच्या अंगात?’
काय पोचलं?
‘वेल. कुटून डाळीत टाकत होती मी. दोन महिने.
कडू म्हणून घेत नव्हते,
मंग सांगतलंच नाई.’

मी म्हणाले, पोचलं.
आणि तिचा चेहरा असा झाला
की मनिऑर्डर मिळाल्याची पावती हातात पडली.
पुढचं वाक्य माझ्याकडे तयार होतं,
लिव्हर, पिवळेपण, आजपासून बंद.
डॉक्टर सांगतील, असं म्हणता आलं असतं.
मी म्हणाले नाही. मीच सांगितलं,
मोठ्यानं, कारण फ्रिज वाजत होता.

ती बराच वेळ डब्याकडे पाहत राहिली,
झाकणावरच्या बर्फीच्या चित्राकडे.
‘यानं सांगतलं?’
हो.
‘पेन्सिलीनं?’
हो.

मग पदर सारखा करून, खालच्या आवाजात:
‘मी बी घेत होती थोडं. त्याईच्या ताटातलंच.
एकट्याले कसं द्याव कडू?
माझं बी पाहून द्या ना म्याडम.’

मी नवी बाटली काढली. लेबलवर नाव लिहिलं.
वय विचारलं, तिला माहीत नव्हतं.
शिसाचा तुकडा हाताशी होता,
त्यानंच लिहिलं:
अंदाजे.